डोहातला मोठा मासा आणि त्याचे नाव

आम्हां गोवेकरांचे मासळीचे ज्ञान इसवण, बांगडा, चणक इथेच संपते. घाटावरचे मासे आमच्या खिजगणतीत नसतात. पण तिथल्या एका माशाच्या नावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

निपाणीजवळून वाहणारी वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. पुण्याची मुळा-मुठाही भीमेवाटे कृष्णेतच येते. याच कृष्णा खोऱ्यातला हा मासा. हिंदीत त्याला गूंच म्हणतात. रुंद चपटे डोके, लांब मिशा, बिनखवल्यांची खरखरीत कातडी. खडकाळ डोहाच्या तळाशी तो पडून असतो. त्याला पाहिल्यावर पुराणकाळातला एखादा प्राणी अजून जिवंत राहिला आहे असेच वाटते.

मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी असलेले कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली आणि १८३९ साली ती प्रसिद्ध झाली. खुद्री, कोळस अशी इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी थेट शास्त्रीय नावांत घेतली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या राक्षसी माशाला मात्र त्यांनी यॅरेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचे नाव दिले.

खरा घोळ पुढेच झाला. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात याचाच एक छोटा भाऊबंद, जेमतेम वीतभराचा, नोंदवला होता. पुढच्या अभ्यासकांनी दोघांना एकच मानले आणि साइक्स यांचे नाव मागे पडले. १९८३ साली टायसन रॉबर्ट्स यांनी हे मासे पुन्हा तपासले आणि वीतभराचा वेगळा, पुरुषभर वाढणारा वेगळा, असे दाखवले. या जातींची छाननी त्यानंतरही चालूच राहिली.

नावाने काय बिघडते, असे कुणी विचारील. मी कारकून माणूस. एकाच नावाच्या दोघांचे कागद एका फाइलीत गेले की काय होते ते मला ठाऊक आहे. एक गेला तरी दुसऱ्याच्या सहीवर दोघेही हयात राहतात! माशांचेही तसेच. लहान मासा मिळत राहिला की मोठा कमी झाल्याचे कागदावर दिसतच नाही. आणि मोठ्याला तर वाहते पाणी आणि खोल डोह लागतात. आज दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव, घटप्रभेवर हिडकल अशी धरणे उभी आहेत.

आता आणखी एक पाहुणा आला आहे. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात मगरीच्या तोंडाचा मासा सापडला. तो ॲलिगेटर गार, मूळचा उत्तर अमेरिकेचा. हौसेने पाळायचा आणि मोठा झाला की तळ्यात सोडायचा, असे या माशाच्या बाबतीत होते. गंमत म्हणजे खऱ्या अर्थाने पुरातन घराणे या गारचे. आपला गूंच नुसता दिसायला तसा.

सीमाभागातल्या कुणा म्हाताऱ्या कोळ्याला गूंचाचे मराठी नाव ठाऊक असेल, तर ते आताच लिहून ठेवायला हवे. साइक्स यांनी ते शास्त्रीय नावात घेतले नाही, पण आपल्याला ते वहीत उतरवता येईल.