दट्ट्या, ॲल्युमिनियमाचा
मोटारगाडीच्या एंजिनातील मूळचे दट्टे काढून अधिक कार्यक्षम दट्टे बसविण्याच्या इतिहासात डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा प्रयोग महत्त्वाचा ठरला. त्या काळी दट्टे सामान्यतः बिडाचे वा पोलादाचे असत. बेंटली लंडनमध्ये डी. एफ. पी. या फ्रेंच कंपनीच्या गाड्या विकत. १९१३ मध्ये तिच्या कारखान्यात त्यांना कागदांवर ठेवावयाचे, दट्ट्याच्या आकाराचे एक ॲल्युमिनियमाचे वजन दिसले. त्यावरून त्यांनी ८८% ॲल्युमिनियम व १२% तांबे यांच्या मिश्रधातूचे दट्टे करवून घेतले. कमी तापमानास वितळणारी धातू ज्वलनकोठीत टिकेल का, ही शंका रास्तच होती; परंतु ती उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्याने दट्ट्याचा माथा उलट थंड राहिला. हलकेपणामुळे एंजिनाची गती आणि थंड माथ्यामुळे संपीडन गुणोत्तर वाढविता आले. पहिल्या महायुद्धात बेंटलींकडून ही माहिती रोल्स-रॉइस कंपनीस मिळाली व तिच्या ‘ईगल’ या विमान-एंजिनात असे दट्टे वापरले गेले.

तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे सिलिंडरात फट अधिक ठेवावी लागते आणि थंड एंजिनात दट्टे खडखडतात. सिलिकॉन मिसळल्याने प्रसरण घटते, पण चिवटपणाही घटतो. शर्यतीच्या एंजिनांतील घडीव दट्ट्यांसाठी म्हणूनच आजही दोन मिश्रधातूंत निवड करावी लागते : अत्यल्प सिलिकॉनाची २६१८ आघात सोसते, तर सु. १२% सिलिकॉनाची ४०३२ कमी फटीत, कमी आवाजात चालते.