साणं, हूड आणि सनरूफ

गाडीच्या छताला मुद्दाम भोक पाडून घ्यायचं आणि वर त्याचे जास्तीचे पैसे मोजायचे, ही कल्पना मानोऱ्याच्या मे महिन्यात जरा विचित्रच वाटते. आमच्याकडे ऊन टाळण्यासाठी माणूस सावलीचा तुकडा शोधत फिरतो!

पण ही कल्पना निघाली थंड मुलखात. जर्मनीत म्युनिकजवळच्या वेबास्टो कंपनीने १९३२ मध्ये मोटारींसाठी घडी होणारं छत आणलं. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ मध्ये थेट कारखान्यातूनच सनरूफ द्यायला सुरुवात केली. फोक्सवागनच्या बीटलला आधी कापडी छत असे, १९६४ च्या मॉडेलपासून हँडल फिरवून सरकवायचं पत्र्याचं आलं. १९६५ मध्ये हाइन्झ प्रेक्टर या जर्मन तरुणाने अमेरिकेत जाऊन सनरूफ बसवून देणारी कंपनीच काढली. १९७३ मध्ये फोर्डने लिंकन गाडीला काचेचं छत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मूनरूफ’. पुढे हँडल गेलं, मोटर आली. म्हणजे हाताने होणारं काम बटणावर गेलं, आणि बिघाड आपल्या नजरेआड गेला.

आपल्याकडे उघड्या छताचा इतिहास वेगळा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्या काळात इकडच्या रस्त्यांवर राज्य होतं काळ्या-पिवळ्या जीपचं. ताडपत्रीचं हूड, दोन दोऱ्या आणि चार बकलं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी असली की माणसं टपावरसुद्धा बसत. हूड फाटलं तर चांभाराकडे नाहीतर शिंप्याकडे न्यायचं, मिटला विषय.

मग सनरूफ आलं. आधी फक्त महागड्या गाड्यांत. २०२० मध्ये नेक्सॉनच्या मधल्या मॉडेलमध्ये आलं, २०२२ मध्ये ब्रेझात, २०२३ मध्ये एक्स्टर आणि पंचसारख्या छोट्या गाड्यांतही. बघता बघता तालुक्याच्या गावात लग्नाच्या वरातीत पोरं छतातून डोकं काढून उभी राहू लागली. (हे मात्र करू देऊ नका. जोरात ब्रेक लागला तर त्या पोराला धरून ठेवायला काही नसतं. ना पट्टा, ना सीट.)

आता मुद्द्याचं. आमच्या पुतण्याच्या गाडीचं सनरूफ मृगाच्या तोंडावर चार बोटं उघडं राहून अडकलं. बटण दाबलं की काच जराशी पुढे सरके आणि परत मागे जाई. एका ठिकाणी सांगितलं, अख्खा सांगाडा बदला. खर्च पाच आकडी! शेवटी गावातल्या मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, “काका, मोटर नाई जयली. वाट बुजली हाये.”

आणि होतंही तसंच. काचेच्या दोन्ही बाजूंना रूळ असतात. मोटर दातेरी केबल ढकलते आणि काच रुळावरून सरकते. रुळातल्या जुन्या ग्रीसमध्ये आमची काळी माती मिसळली की त्याचा चिखल होतो. काच जड जाते. बोट सापडू नये म्हणून ठेवलेल्या यंत्रणेला वाटतं मध्ये काहीतरी आलंय, म्हणून ती काच मागे घेते. बिचारी आपलं कामच करत असते.

त्याने आधी फ्यूज तपासला. मग रूळ कापडाने आणि मऊ ब्रशने साफ केले, माहितीपुस्तकात दिलेलंच ग्रीस बोटाने लावलं. इंजिन ऑईल नाही, त्यावर धूळ आणखी बसते. नंतर पुस्तकात दिल्याप्रमाणे बटण दाबून धरलं, म्हणजे मोटर आपली सुरुवात आणि शेवट पुन्हा शिकते. बॅटरी काढली असली तरी कधी कधी हे करावं लागतं. मात्र काच तिरकी बसली असेल तर बटण दाबत राहू नये, एका बाजूची केबल दाते सोडून गेलेली असू शकते. जबरदस्ती केली की खरंच सगळं बदलावं लागतं.

शेवटी त्याने कोपऱ्यातल्या बारीक नळ्यांत हलक्या हाताने नायलॉनची तार घातली. सनरूफ पाणी पूर्ण अडवत नाही. आत आलेलं पाणी या नळ्यांतून खाली सोडतं. नळी तुंबली की पाणी छताच्या अस्तरातून थेट डोक्यावर. हे फार जणांना माहीत नसतं.

हे बघताना मला आठवलं ते जुन्या माळवदाच्या घराचं साणं. उजेड यावा, धूर जावा म्हणून छताला ठेवलेलं भोक. पावसाळ्याआधी घरातला कर्ता माणूस माळवदावर चढून माती चोपायचा, पन्हळी मोकळ्या करायचा, साण्यावरचं झाकण बघायचा. ते कुणी शिकवत नसे. छताला भोक ठेवलंय म्हणजे त्याची वर्षाची राखण आपल्याकडे, हे घरात ठाऊकच असे. सनरूफ विकत घेताना ही राखण कुणी सांगत नाही, एवढाच काय तो फरक.

असो. रोहिणी संपायच्या आत आपापल्या नळ्या बघून घ्या.