पाण्याची धार, वाळूचे दात

पाण्याला धार असते, हे आपली भाषा कधीपासून सांगते आहे. पण नुसत्या पाण्याच्या प्रचंड दाबाने पुठ्ठा, फोम कापता येई. पोलाद दाद देत नसे. १९७९च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लो कंपनीत मूळ इजिप्तच्या मोहम्मद हशीश या अभियंत्याने त्या धारेत कठीण वाळू मिसळून पाहिली. पोलाद, काच, दगड कापले जाऊ लागले, तेही फारसे न तापता.

मात्र हीच वाळू स्वतःच्या नळीलाही खाते. अधिक टणक, कार्बाइडच्या नळ्या आल्या तेव्हा यंत्र कारखान्यात टिकले. आजही वेग कमी करूनही काप रुंद, तिरका येत राहिला, तर जाणता कारागीर नळीचे तोंड तपासतो. ते गोल आहे, तोवरच धार सरळ.