मोठ्या माणसाची भूक मोजायची कशी?

अंगणवाडीत लेकराच्या दंडाला पट्टी लावतात, ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की पुढं काय करायचं ते ताईंना पाठ असतं. पण त्याच लेकराला कडेवर घेऊन आलेली आई चाळीस किलोची असली तर? तिच्यासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे, अशक्तपणा. उपाय म्हणजे एक सलाईन नाहीतर टॉनिकची बाटली. "तिच्या अंगालाच लागत नाही हो" म्हटलं की विषय संपला.

मोठ्या माणसाचं कुपोषण ओळखणं हा दवाखान्यातला प्रश्न वाटतो. आपल्या भागात मात्र तो दीडशे वर्षं कचेरीत, मजुरीच्या हिशोबात सोडवला गेलाय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

१८७६ च्या दुष्काळापासून सुरुवात करू. सोलापूर जिल्हा त्यात पुरता भाजून निघाला. १८७२ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर होती, १८८१ ला ती सहा लाखांच्या आत आली. काही मेले, काही मुलूख सोडून गेले. सरकारनं कामं काढली. आष्टीचा तलाव त्याच कामांतला. पण कामावर घ्यायचं कुणाला? खरा उपाशी कोण, हे ओळखायला साहेब लोकांनी एक युक्ती काढली होती. काम गावापासून लांब, दहा-दहा मैलांवर ठेवायचं. जो तिथवर चालत येईल आणि दिवसभर खडी फोडेल तो गरजू. म्हणजे भुकेनं ज्याला उठवतच नाही, तो या परीक्षेत नापास!

मजुरी ठरवली सर रिचर्ड टेंपल यांनी. या माणसाची गंमत अशी की १८७४ ला बिहारमध्ये यांनीच बाहेरून तांदूळ आणून लोक जगवले होते. पण फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली, आणि पुढच्या दुष्काळात हात आखडला. दिवसभराच्या कष्टाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. कष्टकरी माणसाला किमान दीड पौंड धान्य लागतं, सोबत डाळ-भाजी लागते, नुसत्या धान्यावर शरीर झिजत जातं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मद्रास सरकारला थोडं धान्य आणि डाळ वाढवावी लागली. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामंच सोडली, आणि सार्वजनिक काकांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसानं संप करावा, विचार करा!

मेलेल्यांच्या नोंदी मात्र ताप, पटकी, हगवण अशाच झाल्या. ते खोटंही नव्हतं. भुकेनं खंगलेल्याला शेवटचा धक्का रोगच देतो. पण त्यामुळं भूक कागदावर येतच नाही, तेव्हाही आणि आताही.

आता थेट १९७२. त्याआधी, १९६३ मध्ये, महाराष्ट्रानं कायदाच करून आपल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला. दुष्काळाची टंचाई झाली. एवढं सोडलं तर ७२ ला सरकार आणि समाज दोघांनी जे केलं त्याला तोड नाही. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांची रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली, आणि पुढं तिचा कायदा झाला. आमच्या घरातली म्हातारी माणसं मिलोची लाल भाकरी आणि सुकडी अजून विसरलेली नाहीत. पण हजेरी होती, खडीचं माप होतं, माणसाचं माप नव्हतं.

योगायोग बघा, त्याच १९७२ साली अमेरिकेत अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं उंची-वजनाच्या एका जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. याच कीजनं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन पाव हिश्श्यानं घटलं, पाय सुजले, आणि पोरं दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही बोलेनात. १८.५ च्या खाली म्हणजे मोठ्या माणसाची उपासमार, ही रेघ तर १९८८ मध्ये सुचवली गेली.

मधल्या काळात आपल्याच दोन माणसांत मोठा वाद रंगला, आणि तो आज कुणाला फारसा आठवत नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरून गरिबी मोजली. खेड्यांत ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के लोक तिच्याखाली निघाले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, थांबा. एकाच निरोगी माणसाची गरज आठवड्याआठवड्याला बदलते, शरीर जुळवून घेतं. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित कसा? त्यांच्या हिशोबात आकडा बराच खाली आला. स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हा सुखात्म्यांचा मुद्दा मला पटतो. पण 'शरीर जुळवून घेतं' हे वाक्य राज्यकर्त्यांच्या हाती पडलं की फार सोयीचं होतं. शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? कमी हालतं, कमी वाढतं, स्नायू खातं. विडी वळणारीनं किंवा यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्यानं कशाशी जुळवून घ्यायचं?

आज डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत, बघूही नये. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण साडेचव्वेचाळीस किलोच्या आत असेल तर ती १८.५ च्या खाली. पण ७० किलोचा माणूस सहा महिन्यांत, न ठरवता, ६५ वर आला तर तोही तपासायलाच हवा, जाड दिसत असला तरी. सूज असली की वजन खोटं बोलतं. पोट सुटलेलं आणि मांड्या-दंड काडीसारखे, असं आपल्याकडे सर्रास दिसतं, तिथं हे सूत्र फसतं. म्हणून दंडाचा घेर, हाताची पकड, आणि 'जेवण कमी झालंय का' हा साधा प्रश्न. मोठ्यांच्या दंडाला लहान मुलांसारखी जगभर मान्य झालेली एक रेघ अजून नाही.

महाराष्ट्रात पाचातली एक बाई १८.५ च्या खाली आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. क्षयरोगात तर वजन हीच अर्धी बातमी असते. रुग्णाला आता पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ५०० होते. ओळखीत कुणी असेल तर खात्यात जमा होतात का, एवढं विचारा.

आणि ७२ ला खडी फोडलेलं कुणी घरात असेल, तर त्यांनाही एक विचारून इथं लिहा. त्या वर्षभरात कुणी एकदा तरी त्यांचं वजन केलं होतं का?