एका 'द'ची गोष्ट : ठराव क्रमांक 242

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत 'अ', 'ॲन', 'द'च्या गाळलेल्या जागा अंदाजपंचे भरल्या आहेत. चुकलं तर अर्धा मार्क जायचा. आज आपण अशी एक गाळलेली जागा पाहू, जी जाणूनबुजून गाळली होती आणि जिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे गोष्ट सुरू होते 'एक राजा होता' अशी आणि पुढे येतं 'तो राजा'. इंग्रजीतही मुळात असंच होतं. 'अ' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'एक' झिजून उरलेला शब्द, आणि 'द' निघाला 'तो' या अर्थाच्या शब्दातून. पुढे इंग्रजीत त्यांची जवळजवळ सक्ती झाली. त्यामुळे तिथे 'द' नसला, तर त्या नसण्यालाही अर्थ येतो.

आता जून 1967. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या घेतल्या. सुरक्षा परिषदेत मसुद्यांची ओढाताण सुरू झाली. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता. भारत, माली आणि नायजेरिया यांच्या मसुद्यात 'ऑल द टेरिटरीज' असे स्पष्ट शब्द होते. तो मसुदा मतदानापर्यंत गेलाच नाही. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांच्या मसुद्यात 'ऑल'ही नव्हता आणि 'द'ही नव्हता. नुसतं 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड'. 22 नोव्हेंबरला तो एकमताने मंजूर झाला. एकमत कसं झालं? प्रत्येकाला त्यात आपला अर्थ वाचता आला, म्हणून!

इस्रायलचं म्हणणं, 'द' नाही, म्हणजे सगळा प्रदेश सोडायचं बंधन नाही. अरब देश म्हणाले, फ्रेंच प्रत बघा, तिथे 'दे तेरितोआर' आहे. फ्रेंचमधला हा 'दे' बहुधा 'द्य' अधिक 'ले' असा जोडून होतो, आणि 'ले' म्हणजेच इंग्रजीचा 'द'. रशियन भाषेची तर गंमतच. तिच्यात आपल्यासारखीच आर्टिकलं नाहीत, त्यामुळे रशियन प्रतीत हा फरक दिसतच नाही.

आम्हाला विचाराल तर 'द' नाही म्हणजे 'थोडेच' हा अर्थ आपोआप निघत नाही. देवळाबाहेर इंग्रजीत 'रिमूव्ह शूज' लिहिलं असेल, तर आपण एकच बूट काढतो का? शिवाय त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत युद्धाने भूभाग मिळवणं अमान्य असल्याचं म्हटलं आहे. पण हेही खरं, की 'द' घालावा असा आग्रह तेव्हा झाला होता आणि तो मानला गेला नाही. विसरला आणि राहून गेला, असं नाही.

भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी मतदानाच्या वेळीच नोंदवून ठेवलं, की आम्ही या ठरावाचा अर्थ सर्व प्रदेशांतून माघार असाच घेतो. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबन यांनी त्याच बैठकीत सांगितलं, की आमच्यावर बंधन ठरावाच्या शब्दांचं. कोण त्याचा काय अर्थ लावतो, त्याचं नाही.

1982 साली सिनाई इजिप्तला परत मिळालं. गोलनवर मात्र त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 1981 मध्ये, इस्रायलने स्वतःचा कायदा लागू केला होता.