तळटीप ९ : इंडस्ट्रियल संगीत

९. लेखक बंगळुरूच्या ज्या इंदिरानगरात हे संगीत ऐकतात, तिथला 'द हमिंग ट्री' हा मंच 2013 ते 2019 चालला. जवळच बैयप्पनहळ्ळीला एनजीईएफ हा विद्युत उपकरणांचा कारखाना होता. तो 2002 मध्ये बंद पडला. या संगीताचा उगमही अशाच, उतरती कळा लागलेल्या कारखानदारीच्या शहरांतला. शेफील्डमध्ये 'कॅबरे व्होल्तेअर' 1973 पासून टेपचे तुकडे जोडत होते. 1976 मध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल'ने लंडनमध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' सुरू केली आणि प्रकाराला नाव मिळाले. बर्लिनच्या 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन'ने 1980 पासून पत्रे, ड्रिल, भंगार हीच वाद्ये केली. पुढे अमेरिकेत 'मिनिस्ट्री' आणि 'नाइन इंच नेल्स'ने त्याला गिटार व नाचाचा ठेका जोडला. प्रसार झाला, पण माझ्या मते धारही थोडी बोथट झाली.

गोंगाट संगीतात आणण्याचा विचार मात्र जुना आहे. इटलीच्या लुइजी रुसोलोचा जाहीरनामा 1913 चा. 1922 मध्ये बाकू शहरात अर्सेनी अव्रामोव्हने भोंगे, तोफा आणि जहाजांच्या शिट्ट्यांची सिंफनी घडवली.

मराठी वाचकाला इथे गिरणगाव आठवेल. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकाने कामगाराचे जगणे डफ-तुणतुण्यावर, शब्दांतून मांडले. त्या परंपरेत कामगार स्वतः बोलतो. इंडस्ट्रियलमध्ये यंत्र बोलते आणि माणसाचा आवाज त्याखाली दबलेला ऐकू येतो. लेखकाचे पुढचे विवेचन या फरकावर उभे आहे. — संपा.