गिरणगावची भांडीकुंडी व दुरुस्तीची रीत

कावसजी नानाभाई दावर यांनी इ. स. १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली व दोन वर्षांनी ताडदेव येथे गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा कोकणचा व घाटावरचा माणूस पोटापाण्यासाठी परळ-लालबागकडे जाऊ लागला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ही मुंबईकर मंडळी आपली वर्गणी पाठवीत. जुने मोडीत न काढता नीट करून घेण्याची हीच रीत त्यांच्या चाळीतील खोलीतही होती.

खोली जेमतेम दहा बाय बाराची. तीत गाववाले दाटीवाटीने राहत व गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. नवी वस्तू घ्यावी तर ठेवावी कोठे? शिवाय पगारातील पैसा मनिऑर्डरने गावी जाई. म्हणून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, स्टोव्हला नवा वॉशर बसे आणि मृगापूर्वी छत्रीच्या काड्या फूटपाथवरील कारागिराकडून बसवून घेतल्या जात. यास कंजूषपणा म्हणणे अन्यायाचे होईल. साचेखात्यात दिवसभर तुटलेला धागा जोडणाऱ्यास मोडकी वस्तू फेकवत नसे, हेही त्याचे एक कारण असावे.

भांड्यांचे महत्त्व मात्र सर्वांत अधिक. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या भगिनींचे तेच भांडवल होते. कल्हईवाला भट्टीवर पातेले तापवी, नवसागर टाकी आणि कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. हा थर झिजला की आंबट आमटी कळकते. खाणारा आजारी पडला तर खानावळीचे नाव जाई. तेव्हा कल्हईचा खर्च टाळता येत नसे. दुसरे असे की, कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, आणि वाण्याची उधारी तर रोज वाढणारी. मग हंडा-कळशी सावकाराकडे गहाण पडे. चांगले राखलेले भांडे अशा वेळी उपयोगी पडे. पण व्याज जबर असल्याने सुटका कठीण होई. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले व या भगिनींना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. सावकाराच्या दारातून भांडी परत आणणारे हे कार्य गिरणगावच्या इतिहासात मोठेच म्हटले पाहिजे.

भाडेकरू आपल्या वस्तू जपत होते, पण चाळींची निगा तशी राहिली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली व अनेक मालकांनी दुरुस्तीतून अंग काढले. अखेर १९६९ साली कायदा करून जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. गिरणीमालकांनीही बहुतेक ठिकाणी जुनी यंत्रेच रेटली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबले. किती कुटुंबे गावी परतली! वर्षानुवर्षे कल्हई करून जपलेली तांब्यापितळेची भांडी कित्येकांना वजनावर विकावी लागली. चाळीतील सामाईक नळावर अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर घरधन्याचे नाव कोरलेले असे. दुकानदाराच्या तराजूत ती नावानिशी गेली.